आधी वेळापत्रकातून काहीतरी काढा

ताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के होते. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी नौपाड्यात इंटिग्रेटेड क्लासला (कॉलेज आणि कोचिंग एकत्र) घातलंय. सकाळी सव्वासहाला घर सोडते ती संध्याकाळी पावणेआठला येते. जेवून पुन्हा अभ्यासाला बसते, पण रात्री दीडला उठून बघावं तर हातात मोबाइल. दर रविवारी सकाळी टेस्ट असते. शनिवारी रात्रीपासून पोटात दुखायला लागतं. दोनदा क्लासमधून फोन आला, उलटी झालीय, घेऊन जा. सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. दोन महिने पाळीही आलेली नाही. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. ऑगस्टच्या टेस्टला ७२० पैकी २६८ पडले आणि तिला 'स्टार' बॅचमधून खाली टाकलं. तेव्हापासून काही विचारलं की अंगावर येते, नाहीतर दार लावून घेते. डबा तसाच परत येतो. ढोलपथकात होती, यंदा आम्हीच नको म्हटलं. पहाटे पाचच्या ऑनलाइन प्राणायाम वर्गाला बसवते, रविवार दुपारच्या एकाग्रता कार्यशाळेलाही नाव घातलंय. मोबाइल काढून घेऊन पाहिला, तर दोन दिवस जेवली नाही. यजमान म्हणतात, थोडं प्रेशर हवंच, आम्हीपण शिकलोच की. सासूबाई दृष्ट काढतात. हा आळस आहे, नाटक आहे, की खरंच काही आहे? कोणाला दाखवायचं म्हटलं तर नातेवाईक हसतात, म्हणतात, "ठाण्यातच राहता, लांब जायला नको." तिला नीट सोडायला लावू का?

— एक आई


नमस्कार,

आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर. नाटक नाही, आणि आळस तर मुळीच नाही. पहाटे पाचला उठून साडेतेरा तास घराबाहेर काढणाऱ्या आणि घरी आल्यावर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या मुलीला आळशी म्हणायचं, तर कामसू कोणाला म्हणायचं?

तुम्ही दिलेल्या वेळा मी कागदावर मांडून पाहिल्या. दीडला झोप, पाचला गजर. म्हणजे साडेतीन तास. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. तुमच्या मुलीला रोज किमान साडेचार तास कमी पडतायत, आणि रविवारी ते भरून काढावेत तर रविवारी टेस्ट. एवढ्याशा झोपेवर तुम्ही-मी आठवडा काढला तर आपणही दार लावून घेऊ आणि विचारणाऱ्याच्या अंगावर जाऊ. त्यामुळे तिचा स्वभाव बिघडला का, संगत बिघडली का, हे शोधायच्या आधी तिला झोपू द्या. निम्मे प्रश्न झोप झाल्यावर वेगळेच दिसतील.

आता जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तिचा ताण कमी व्हावा म्हणून तुम्ही जे जे केलंत, त्याने तिच्या दिवसात भरच पडली. प्राणायाम चांगलाच आहे, पण साडेतीन तास झोपलेल्या मुलीला त्यासाठी पाचला उठवणं म्हणजे तिच्या झोपेतलाच पाऊण तास कापून तिला शांत व्हायला सांगणं. आठवड्यातली एकुलती एक मोकळी दुपार होती, ती कार्यशाळेला गेली. आणि तिच्या दिवसातून काढलं काय? ढोल आणि मोबाइल. जे घातलं ते आपलं, जे काढलं ते तिचं. हे तुमच्याच घरात होतं असं नाही. मला येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांत हेच असतं. पोराला ताण आला की आपण काहीतरी 'लावतो'. योग लावतो, क्लासच्या जोडीला शिकवणी लावतो, आता समुपदेशनही लावतो, मंगळवार-शुक्रवार साडेसहा ते साडेसात. म्हणून माझा सल्ला असा की पुढचे तीन आठवडे नवीन काहीही लावायचं नाही. आहे त्यातलं काढायचं.

पाचचा वर्ग उद्यापासून बंद. कार्यशाळेचे पैसे भरले असतील तर गेले समजा.

पोटदुखीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण रिपोर्ट नॉर्मल आले की "तुला काही झालेलं नाही" हे वाक्य घरात सुरू होतं आणि मुलं तिथेच बोलायची थांबतात. धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं काम मागे पडतं. गल्लीत कुत्रा अंगावर आला तर पळण्यासाठी ही सोय उत्तम आहे. कुत्रा निघून जातो आणि शरीर थोड्या वेळाने पूर्वपदावर येतं. रविवारची टेस्ट मात्र जात नाही. ती दर आठवड्याला येते, सोमवारी तिचा रँक येतो, आणि पुढच्या शनिवारी शरीर पुन्हा पळायच्या तयारीत बसतं. आतड्यांभोवती मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालू असते. म्हणून भीती पोटात जाणवते. दुखणं खरं, मळमळ खरी, फक्त त्याचं कारण सोनोग्राफीत दिसणारं नाही. शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी दुपारी आपोआप थांबत असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं. तरीही वजन उतरत असेल, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप येत असेल, तर सगळं ताणाच्या नावावर टाकून मोकळं होऊ नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा.

पाळीचंही तेच. पाळीचं चक्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून चालतं, आणि ताण, अपुरी झोप, अर्धपोटी राहणं या तिन्ही गोष्टींचा त्याच्यावर परिणाम होतो. परीक्षेच्या वर्षात मुलींची पाळी पुढे-मागे होणं स्त्रीरोगतज्ज्ञांना नवीन नाही. तिसऱ्या महिन्यातही आली नाही तर मात्र थांबू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, पीसीओडी हे सगळं एकदा पाहून घ्यावं लागतं. तुमच्या मनात आलेली शंका आईच्या मनात येतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण विचाराल तेव्हा पोलिसासारखं विचारू नका. "पाळी आलेली नाही, मला काळजी वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊ. तुला मला काही सांगायचं असेल तर मी रागावणार नाही." इतकंच. आणि तिने काही सांगितलंच, तर खरोखर रागवायचं नाही. हे बोलायला सोपं, पाळायला कठीण आहे, म्हणून आधी मनाशी एकदा घोकून घ्या.

मोबाइलकडे येते. दीड वाजता ती मोबाइल बघते याला दोन कारणं आहेत. एक शरीराचं. वयात येताना माणसाचं आतलं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे दहाला पडलं तरी डोळा लागत नाही आणि पहाटे उठवलं तर ती त्यांच्या शरीराची मध्यरात्र असते. सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, चांगलंच केलं. पण सकाळची झोप ज्यांना सगळ्यात जास्त हवी असते ती अकरावी-बारावीची पोरं सव्वासहाला बसस्टॉपवर पेंगत उभी असतात, त्यांच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

दुसरं कारण मनाचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तिच्या चोवीस तासांतला कुठला वेळ तिचा आहे? क्लासचा नाही, प्रवासाचा नाही, जेवणाचाही नाही, कारण तेव्हा तुम्ही समोर बसून डब्याची चौकशी करता. रात्री सगळे झोपल्यावरचे दोन तास काय ते तिचे. ते ती झोपेच्या किमतीवर विकत घेतेय. मोबाइल हिसकावलात तेव्हा तिच्यासाठी तेवढेही गेले, म्हणून जेवण सोडण्यापर्यंत गोष्ट गेली. तिला दिवसाउजेडी थोडा वेळ परत मिळाला की रात्रीची गरज कमी होईल. तोवर नियम करा, पण एकटीसाठी नको. रात्री पावणेअकराला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. यजमानांचा आणि तुमचाही. सासूबाई युट्यूबवर कीर्तन ऐकत असतील तर त्यांचाही. गजरासाठी एक साधं घड्याळ आणा. आणि रात्री जागायला कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेत असेल तर दुपारनंतर ते बंद. पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन रक्तात शिल्लक असतं.

जेवणानंतरचा अभ्यास आठवड्यातले पाचही दिवस बंद. हो, बंद. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. झोपच नसेल तर रात्री बारा वाजता वाचलेलं ऑरगॅनिक केमिस्ट्री सकाळी हजर नसतं, आणि मग मूल म्हणतं, "मी एवढं केलं होतं, पेपर बघितला आणि कोरी झाले." ते खोटं बोलत नसतं. ताणात कॉर्टिसॉल वाढलेलं असताना आठवण्याची क्रिया अडखळते. त्या २६८ मध्ये न आलेलं किती आणि येत असून न आठवलेलं किती, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही. जेवण, थोडा वेळ तिचा स्वतःचा, अकराच्या आत अंथरूण, पावणेसहाला जाग. एवढं जमलं तर पावणेसात-सात तास होतात. पुरेसे नाहीत, पण साडेतीनच्या दुप्पट आहेत. सकाळी यजमानांनी दुचाकीवरून सोडलं तर आणखी वीस मिनिटं मिळतील. बसमध्ये डुलकी लागली तर लागू द्या, हातात नोट्स देऊ नका.

यजमान म्हणतात थोडं प्रेशर हवंच. ते चूक नाहीत. १९०८ मध्ये यर्कीज आणि डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांना उजळ आणि गडद खोकी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा हलका झटका. फरक सोपा होता तेव्हा झटका वाढवल्यावर उंदीर लवकर शिकले. पण दोन खोक्यांतला फरक जेव्हा अगदी बारीक केला, तेव्हा मोठ्या झटक्याने शिकणं मंदावलं, सौम्य झटक्याने जास्त चांगलं जमलं. माणसं काही उंदीर नव्हेत, पण काम जितकं अवघड तितका दाब कमी पुरतो, ही गोष्ट त्यानंतर माणसांतही वारंवार दिसली आहे. नीट सोपी नाही. तिथे दाब आपोआपच असतो, वरून घालायची गरज नसते. राहिलं "आम्हीपण शिकलोच की". शिकलेच, पण तेव्हा घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात अडकलेली बस नव्हती आणि टेस्टचा निकाल रँकसकट आईवडिलांच्या मोबाइलवर येऊन पडत नव्हता.

क्लासशी बोलायला तुम्ही घाबरता, असं पत्रावरून वाटलं. घाबरू नका, नियम तुमच्या बाजूने आहेत. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त क्लास नको, फार सकाळी किंवा फार उशिरा नको, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, असं त्यांत म्हटलंय. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. मार्कांवरून बॅच वेगळ्या करू नयेत आणि चारचौघांत अपमान करू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. तुमच्या क्लासने 'स्टार' बॅचचं नाव बदलून उद्या 'नक्षत्र' ठेवलं तरी मुलांना कळायचं ते कळतंच. व्यवस्थापकांना भेटा, आवाज न चढवता लेखी विनंती द्या. पुढचे तीन रविवार ती टेस्टला बसणार नाही, तिचा रँक ग्रुपवर टाकू नये, आणि आठवड्यातून एक दिवस ती दुपारनंतर येणार नाही. डॉक्टरांचं पत्र जोडलंत तर काम लवकर होईल. "मग ती मागे पडेल" असं उत्तर येईल. तीन आठवडे टेस्ट न दिल्याने कोणी डॉक्टर व्हायचं राहत नाही.

आणि ढोल परत द्या. गणपती होऊन गेले, यंदाचे तर गेलेच. पण ठाण्यात पाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते, पथकांचा सराव त्याआधी सुरू होतो. कमरेला ढोल बांधून दीड तास वाजवणं हा सणसणीत व्यायाम आहे. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी घाम गाळावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमची मुलगी सध्या बाकावरून बसमध्ये आणि बसमधून खुर्चीत एवढीच हलते. शिवाय पथकात वीस-पंचवीस जण असतात ज्यांना तिचा रँक माहीत नाही आणि जाणून घ्यायचाही नाही. सराव सुरू होईपर्यंत सोसायटीच्या पोडियमवर बॅडमिंटन खेळू दे, मैत्रिणीबरोबर तलावपाळीला चक्कर मारू दे. त्या चक्करचा हिशेब मागू नका.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. मी चेष्टा करत नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळताना ती म्हातारी पाच मिनिटं नातीसमोर उभी राहते, तिच्याकडे बघते, आणि मार्कांबद्दल एक अक्षर बोलत नाही. तुमच्या घरात सध्या हे एवढं एकच माणूस करतंय.

बोलतं कसं करायचं? समोर बसवून, "आज आपण मोकळेपणाने बोलू" असं म्हणून या वयाचं कोणी बोललेलं मी पाहिलेलं नाही. मटार सोलताना, दुचाकीवर मागे बसलेली असताना, रात्री कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा बोलणं निघतं. बॅचमधून खाली टाकलं तेव्हा तिला काय वाटलं, हे तुम्ही विचारलंय का? पत्रात तसं दिसलं नाही. तिला चारचौघांत उठवून दुसऱ्या वर्गात बसवलं. तुम्हाला ऑफिसात असं केलं असतं तर तुम्ही घरी येऊन काय केलं असतं? ती सांगेल तेव्हा लगेच उपाय सुचवू नका. "फार लागलं असेल ना" एवढं म्हणून गप्प बसलात तरी चालेल. आणि नातेवाइकांसमोर, फॅमिली ग्रुपवर तिच्या मार्कांचा विषय बंद. जूनमध्ये स्टेशनपासून गोखले रोडपर्यंत टॉपर्सचे फोटो लागतात ते तिला पुरेसे दिसतात, घरात आणखी नकोत.

आता दाखवायचं कोणाला. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, त्यामुळे "ठाण्याला पाठवा" ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्रात चालते आणि ठाणेकरांना ती फुकट ऐकावी लागते. मला त्या थट्टेचा खरा राग येतो. सव्वाशे वर्षं आजारी माणसं सांभाळणाऱ्या संस्थेचा आपण विनोद करून ठेवलाय, आणि त्या विनोदाच्या धास्तीने लोक वेळेवर डॉक्टरांकडे जात नाहीत. याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. मन आजारी नसतानाही तिथे जाता येतं, ही गोष्ट या गावाने कित्येकांना शिकवली. पुढच्या वेळी कोणी हसलं तर म्हणा, हो, ठाण्यात राहतो म्हणूनच सोय आहे.

आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना झोप, पोट, पाळी, डबा हे सगळं एकत्र सांगा, वेगवेगळं नको. ते मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, गरज असली तर औषधही देतात, आणि प्रत्येकाला गोळ्या देतात हा गैरसमज आहे. जिथे जाल तिथे मुलीला थोडा वेळ एकटीला बोलू द्या आणि बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस?" असं विचारू नका. फीची अडचण असेल किंवा आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस आहे, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

हे झालं सावकाश करायचं. काही गोष्टींत मात्र सावकाशपणा नको. उदासी दोन आठवडे हटतच नसेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, क्लासला जाणंच बंद झालं असेल, तर तीन आठवड्यांची वाट न पाहता भेट ठरवा. "मी नसते तर बरं झालं असतं" अशी बोलणी, हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी. अशा वेळी सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खरी नाही. उलट विचारल्यावर मुलांना हलकं वाटतं. तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं आणि फिनाइल-उंदीरमारक कुलपात ठेवा, आणि १४४१६ किंवा तातडीचं असेल तर ११२ लावा.

नीट सोडायला लावू का, याचं उत्तर आज देऊ नका, तिच्याकडूनही घेऊ नका. झोप न झालेल्या माणसाने आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. दिवाळीच्या सुट्टीत तिघं बसा. तेव्हा विचारा की डॉक्टर व्हायचं आहे का, आणि व्हायचं असेल तर हाच क्लास हवा का. क्लासशिवायही नीट देता येते, आणि जीवशास्त्र आवडत असेल तर एमएचटी-सीईटीवरून फार्मसी, कृषी असे रस्ते आहेत. ती "हो, मला हेच करायचंय" म्हणाली तर तेही मान्य करा. आपण दमलोय म्हणून तिचं स्वप्न काढून घेऊ नये. सोडायलाही लावू नका आणि धरायलाही लावू नका.

आता चार ओळी तुमच्या मुलीसाठी. तिला वाचायला द्या, वाचलं का म्हणून विचारू नका.

बाळा, शनिवारी रात्री पोटात कळ आली की लगेच "मला काहीतरी झालंय" असं मनात येतं आणि कळ वाढते. तेव्हा दिवा बंद करून पड. नाकाने चार आकडे श्वास घे, सहा आकडे सोड. पाच मिनिटं. सोडायचा श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असला की हृदयाची गती खाली येते. पाचला उठून करायची गरज नाही, अंथरुणातच कर. रात्री मऊ भात-मेतकूट, सकाळी अर्धं केळं, कॉफी नको. पुन्हा टेस्टला बसशील तेव्हा बायोलॉजीने सुरुवात कर. १८० पैकी ९० प्रश्न तिचेच असतात, आणि पहिले दहा-पंधरा येणारे सोडवले की डोकं ठिकाणावर येतं. पेपर पाहून कोरं वाटलं तर पेन खाली ठेवून तीन लांब श्वास सोड, वेळ फुकट जात नाही. डबा नको वाटला तर बाहेर टाकून देऊ नकोस, तसाच घरी आण. काय खाल्लं गेलं नाही हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. आईला मी इथेच सांगते, परत आलेल्या डब्यावरून तिला बोलायचं नाही.

तुझ्याबरोबर आणखीही कोणी खालच्या बॅचला आल्या असतील. त्यातली एखादी तुला म्हणाली की जगावंसं वाटत नाही, आणि कोणाला सांगू नकोस अशी शपथ घातली, तर ती शपथ मोड. त्याच दिवशी तुझ्या आईला किंवा तिच्या आईला सांग, आणि दोघींनाही सांगता येत नसेल तर १४४१६ ला फोन कर. मैत्रिणीसाठी म्हणून केलेला फोनही ते घेतात.